सरपंचबाईंचा नकार

तुम्हाला वाटतं सर्व्हे म्हणजे नुसतं विचारायचं आणि लिहायचं? मग हे ऐका. आमच्या बँकेला उज्जैनजवळच्या एका गावात शाखा काढायची होती. पंचायतीची एक खोली मिळेल का, एवढंच मला सरपंचांना विचारायचं होतं.

सरपंच बाई आहेत. पण समोर बसले होते त्यांचे थोरले दीर, पिठाच्या चक्कीचे मालक, गावाचे शेठजी, आणि तिथे सून जेठजींसमोर बोलत नाही. म्हणून घूंघटाआडून बाई जावेच्या कानात बोलल्या, जाऊ नवऱ्याच्या कानात बोलली, आणि शेठजी मला म्हणाले, "हां मैडम, ले लीजिए."

मी खुशीत फॉर्मवर 'हो'ची खूण केली. शेठजी चहा सांगायला बाहेर गेले, तसा बाईंनी घूंघट वर केला.

"दीदी, मैंने तो मना किया था. उस कमरे में आंगनवाड़ी लगती है."

जाऊ म्हणाली, "मैंने भी ना ही बोला था."

मी चक्रावले. शेठजी परत आल्यावर त्यांनाच विचारलं.

ते म्हणाले, "घर आए मेहमान को ना कैसे बोलें?"

"और बैंक सच में आ गई तो?"

"अरे, वो तो आप मना कर दोगी ना!"

उज्जैनला नानाखेडा स्टँडवर बसमधून उतरतेय तोच मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "मिळाली ना हो खोली?" बिचारे इतक्या आशेनं विचारत होते.

मी म्हटलं, "हो."