मध्यंतराचा हार

(मुलुंडचं नाट्यगृह, मध्यंतर. रंगपटात इरावती आणि तिचा साथीदार श्रेयस, दोघांच्या मांडीवर व्हायोलिन. दारात तिचे वडील, कीर्तनकार मार्तंडबुवा.)

इरावती : हार कशाला आणलात, बाबा? ठेवा तो बाजूला.

बुवा : अगं, पूर्वरंग संपला की बुक्का लावून हार घालतातच. आधी तीनशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या रचना जशाच्या तशा, आता त्याच आजच्या माणसाने नव्याने बांधलेल्या. आमचंच की हे! अभंग झाला, आता आख्यान. वाक.

इरावती : तो हार पुन्हा उभं राहणाऱ्याला घालतात. मी नाही उभी राहणार.

श्रेयस : यार इरा, कुणाला कळलंसुद्धा नाही.

इरावती : डाव्या हाताची अनामिका दोनदा आपोआप आत वळली. माझे सूर तू उचललेस, म्हणून नाही कळलं.

बुवा : मला कळलं.

इरावती : बघ!

बुवा : नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या कीर्तनात वाजवतेस. कळणार नाही? पण डॉक्टर म्हणालेत ना, विश्रांती घेतली की...

इरावती : ते मी म्हणाले, बाबा. डॉक्टर म्हणाले, हा हात आता असाच राहणार.

बुवा : ...मी एकवीस एकादश्या धरल्यात.

इरावती : म्हणून तर नाही सांगितलं.

बुवा : माझा आवाज फाटायचा, तेव्हा तू सूर धरून ठेवायचीस. ठसका ओसरला की मी परत यायचो. तसा आज श्रेयस धरील.

इरावती : तुम्ही परत यायचात, बाबा.

श्रेयस : दुसरी घंटा झाली. इरा, काय करू सांग.

इरावती : तू वाजव. तीन महिने माझ्यासोबत बसवलंयस. फक्त संथ भागात पळू नकोस.

श्रेयस : मी कुठे पळतो?

इरावती : पळतोस.

बुवा : इकडे ये रे. वाक जरा, केवढा उंच तू! हं. बुक्का पुसू नकोस.

श्रेयस : बुवा, हा हार इराचा आहे.

बुवा : उत्तररंग करील त्याचा. जा बाळा, पांडुरंग आहे.

इरावती : आणि वाजवताना काढून ठेव रे, हनुवटीखाली अडकेल. पळ आता.

बुवा : ...गेला. चल, आपण समोर जाऊन बसू.

इरावती : शेवटच्या रांगेत. मध्येच उठावंसं वाटलं तर...

बुवा : बरं. मी तुझ्या डावीकडे बसतो. तो हात माझ्याकडे राहू दे.