आकाशगंगेचं वय

(असोदा, १९५६. दारात बैलगाडी जुंपलेली. बेबाबाई ओट्यावर बसून आहे. धुळ्याच्या कॉलेजात शिकवणारा तिचा मुलगा शालिग्राम तिचं गाठोडं बांधतोय. तिचा नवरा चुडामण बैलांपाशी.)

बेबाबाई : बांध, बांध. पन आधी सांग, काल गावच्या शाळंत पोरायले काय सांगत होता? नवे तारे अजूनबी जन्मता?

शालिग्राम : जन्मतात. माय, ते लुगडं दे इकडे.

बेबाबाई : कशातून?

शालिग्राम : वायूतून. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे विरळ वायू असतो. तो आपल्याच वजनानं गोळा होतो, आवळत जातो, तापतो आणि पेटतो. झाला तारा.

बेबाबाई : वायू तर तुह्या बापालेबी होतो. हरभऱ्याची दाय खाल्ली का रातभर गडगडता. एकबी चांदनी नही निंघाली.

चुडामण : माह्यावर काबरं घसरते? मी काही बोललो का?

बेबाबाई : तुमी बोलत नही, तोच तर घात झाला.

शालिग्राम : आबा, तुम्ही बैलांकडे बघा. माय, ऊठ. सोनगीरला मामा वाट बघत असेल.

बेबाबाई : थांब रे. आपली आकाशगंगा केवढी म्हातारी?

शालिग्राम : शेकडो कोटी वर्षांची.

बेबाबाई : आन् अजून बायंतपनं चालू!

शालिग्राम : माय!

बेबाबाई : मी तर चाळिशीच उलटली. इतका वायू पुरतो कसा तिले?

शालिग्राम : पूर्वी खूप होता, तेव्हा तारेही भराभर झाले असतील. आता कमी उरलाय. काही म्हणतात, बाहेरूनही थोडा येऊन पडत असावा. त्यावर विद्वानांची अजून भांडणं चालू आहेत.

बेबाबाई : भांडू दे त्यायले. आन् म्हातारे तारे कठी जाता?

शालिग्राम : कुठं जाणार? जुने लालसर, नवे निळे, सगळे एकाच आकाशगंगेत.

बेबाबाई : मंग ते तिले म्हनता का, जाय भावाच्या घरी, तठी गुपचूप बायंत हो, आन् लेकरू भावजयीच्या मांडीवर टाकून ये?

शालिग्राम : तारे कॉलेजात शिकवत नाहीत! तुझ्या सुनेला, कुंदाला सातवा लागलाय. डोहाळेजेवणाला एका पाटावर सून, शेजारच्या पाटावर सासू! पुतण्या मोठा आणि काका धाकटा! धुळ्यात मला कोणी चहाच्या दुकानात बसू देणार नाही.

बेबाबाई : घरी पीत जाय चहा.

शालिग्राम : मामाला मूल नाही. त्याचंही घर भरेल.

बेबाबाई : हिलालचं मले वाईट वाटतं रे. पन लेकरू काय लोनच्याची बरनी आहे, भरली आन् दिली? तठी बठ्ठे 'आहे'ले 'शे, शे' करता. उद्या माह्याच पोरानं मले इचारलं, 'तू कोन शेस?' तं काय सांगू? आत्या?

शालिग्राम : माय, मला नुसती लाज नाही वाटत. भीतीही वाटते. या वयात तुला काही झालं तर?

बेबाबाई : मलेबी वाटते. लई वाटते. म्हनूनच म्हनते, मरायचं असलं तं माह्या घरात मरीन, आन् जगायचं असलं तरी अठीच.

चुडामण : मी काय म्हनतो...

बेबाबाई : आता बोला! इतके दिस कठी होते?

चुडामण : मले हे लेकरू पाहिजे.

बेबाबाई : हे आधी नही सांगता येत?

चुडामण : कोनी इचारलंच नही.

शालिग्राम : आबा, बैल सोडा.

चुडामण : आन् हिलाल सोनगीरले मोटारीपाशी उभा राहीन. त्याले काय सांगायचं?

शालिग्राम : मी जातो सांगायला. मला भावंड होणार आहे, म्हणतो.