डाव्या हाताचा ठोसा

मी राणीसावरगावचा, गंगाखेड तालुका, बापजाद्यापासून आमच्याकडं मेंढरं हायत, थोडं कोरडवाहू रान हाय, आन् एक लेक हाय, मनीषा, सतरा वर्षाची, ती बॉक्सिंग खेळती. माझ्यासारखा पॅड धरणारा बाप तुमाला सगळ्या परभणी जिल्ह्यात घावायचा न्हाई, हे मी तोंडावर सांगतो. पॅड म्हंजी काय, तर पंज्याएवढी गादी, ती आपण हातात घालून उभं राहायचं आन् पोरीनं तिच्यावर ठोसे मारायचे. तिचे सर गंगाखेडला शनवार-रविवारच शिकवतेत, बाकी पाच दिवस ते काम माझ्याकडं, सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तासभर. बायको म्हणती, पोरगी खेळायलीय का तुमी, मी म्हणतो दोगंबी.

तर काय सांगू तुमाला, मागल्या वर्षी जिल्ह्याच्या मॅचला ती परभणीच्या एका पोरीकडून हरली. लय मार खाल्ला असं न्हाई, पण हिच्या ठोश्यात दमच नव्हता. मंग सर घरी आले, ओसरीवर चहा घ्यायलोत, तेवढ्यात दोन शेरडं शेजाऱ्याच्या तुरीत घुसली. मनीषानं वाकून ढेकूळ उचललं आन् फेकलं, ते बरोबर शेरडाच्या नाकापुढं जाऊन फुटलं, शेरडं माघारी. सर उभेच राहिले. म्हणले, ही तर डावखुरी हाय, दोन वर्षं मला कुणी सांगितलं कामून न्हाई? पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

आता खरं ते सांगतो. चार वर्षाची असताना ती डाव्या हातानं जेवायची. माझ्या मायला ते खपायचं न्हाई, उद्या सासरी काय म्हणतील म्हणायची, पण हात उचलायचं काम माझ्याकडं. मी फडक्यानं तिचा डावा हात कमरेला बांधून तिला ताटावर बसवायचो. सोडला की पुन्ना तोच हात ताटात, की दिली छडी. रडत रडत लेकरू उजव्या हातानं शिकलं, आन् मला वाटलं लय मोठं काम केलं आपण. लाज वाटती आता सांगायला.

सरांनी तिचं उभं राहणंच बदललं, डावा पाय मागं, डावा हात मागं, सगळा जोर त्याच हातात. सरांच्या पॅडवर तो ठोसा असा बसायचा की सर मागं सरकायचे. माझ्या पॅडवर यायचा तर हात अर्ध्यातच थांबायचा. रोज. मी वरडायचो, मार की, भितीस का. एक दिवस ती खालीच बसली आन् म्हणली, आप्पा, हात उचलला की तुमी दिसताव, छडी घेतलेले. सरांना कळलं तवा ते म्हणले, यंदा मॅचला तुमी येऊ नका, तुमाला बघून हात थांबला तर पोरगी पुन्ना हरती. मी म्हणलो, सर, दोन महिने हायत, मी येणार आन् ती जिंकणार.

त्याच दिवशी जेवताना मी म्हणलो, मनीषा, डाव्या हातानं जेव. माय ताटावरून उठली, म्हणली या घरात असलं चालायचं न्हाई. मंग मीच डाव्या हातानं भाकर मोडायला बसलो. कशाची मोडतीय, भाकर पायजम्यावर, वरण मिशीत. पोरगी आधी हसली, मंग रडली, मंग तिनं डाव्या हातानं घास घेतला. दोन महिने आमी दोगं तसंच जेवलो. माय दोन दिवस बोलली न्हाई, तिसऱ्या दिवशी नुसतं म्हणली, सांडू तरी नको. इकडं पॅडवरबी हात थोडा थोडा पुढं यायला लागला, आन् एक दिवस असा बसला की मी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या जाळीवर जाऊन आपटलो, आन् पडल्या पडल्याच वरडलो, अजून एक!

मॅचला मी पहिल्या रांगेत. समोर तीच परभणीची पोरगी. पहिल्या फेरीत आमची मागंच मागं, मधल्या सुट्टीत सर काय तरी सांगायले आन् ही माझ्याकडं बघायली. मला वाटलं, सर म्हणले तेच खरं होतंय का काय. मी उठलो न्हाई, वरडलो न्हाई, नुसती मान हलवली. दुसऱ्या फेरीत तो हात निघाला, बगा, कुटंच थांबला न्हाई. तिसऱ्या फेरीत तर ती पोरगी त्या हातालाच बिचकायली, आन् शेवटी पंचानं हात वर केला तो मनीषाचा.

येताना एसटीत मी तिला म्हणलो, मनीषा, चुकलं माझं. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणलो मी कुणाला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मंग म्हणली, आप्पा, उद्या लवकर उठा, माझा उजवा हात कच्चा राहिलाय.

तवापासून रोज लवकरच उठायलोत. पुढल्या महिन्यात विभागाची मॅच हाय, तितंबी जिंकणार, लिहून घ्या. देव माझ्या लेकीला औक्ष देवो, आन् समोर जी कुणी येईल त्या पोरीलाबी सांभाळो.