मोहनच्या गाडीचा पिस्टन

इंजिनाचा आजार मी नुसत्या कानाने ओळखतो. माझी स्वतःची स्कूटर कैक वर्षं गोठ्यात मरून पडलीय, ती गोष्ट वेगळी.

परवा शेजारचा मोहन पोरीच्या साखरपुड्याला अलिबागला निघाला, तर गाडी सुरू केली की इंजिनातून खट्‌खट्‌ आवाज! मी बॉनेटला कान लावला. "पिस्टन गेला, मोहन. आता नटूनथटून रिक्षात बसा सगळे." पोरगी रडायलाच लागली.

तेवढ्यात मोहनची बायको सुमन आली. बॉनेट उघडून तिने लाल फडक्यातला नारळ दाखवला. "दृष्ट लागू नये म्हणून मीच बांधलाय. दोरी सैल झाली." तिने दोरी आवळली आणि आवाज बंद!

मी म्हटलं, "सुमन, बांधण्याआधी मला विचारायचंस तरी!"

"नाना, नानींना सांगते, तुम्हालाच असं आवळून ठेवा म्हणून."