पांढऱ्यावर पांढरं

न्हाय साहेब, बारा न्हाय, एकबी न्हाय. आधी ते लावलेलं खाली काढा. आजच काढा, पाचाच्या आत काढा, मग ऑर्डरीचं बोलू – बसा की, त्या सुताच्या कांड्यांच्या टोपलीवर नका, खुर्ची घ्या. तुमच्या दवाखान्याच्या आणखी बारा शाखा हुणार, बाराही ठिकाणी सर्व धर्मांची प्रार्थनेची खोली हुणार, चांगलं हाय, हू दे. पण तसलं कापड पुन्यांदा हुणार न्हाय आणि लावलंय तेबी ऱ्हायला नको. का म्हणजे? मी सांगते म्हणून. केलंय कुणी? मी. मग मी सांगायलेय, काढा.

व्हय, ते भिंतीवरचं प्रशस्तिपत्र माझंच. पुण्याच्या प्रदर्शनात दिलं. ‘आंतरधर्मीय वस्त्रकलाकार श्रीमती शिवलीला’ – श्रीमती लिहिलंय, नवरा जिता असताना. मी फोन केला, तर म्हणाले मानाचं हाय ते. असू दे. तीस वर्षं झाली ह्या धंद्याला. आमच्यात बायका नुसत्या कांड्या भरायच्या, मागावर गडीमाणूस. पण आमच्या मालकांची पाठ दुखायची – माग दिसला की दुखायची, चहाची टपरी दिसली की थांबायची – मग बसले मीच. आधी चादरी, टॉवेल. मग दर्ग्याची चादर आली, तिच्या मागनं देवळाचं वस्त्र आलं, मग चर्चच्या टेबलावरचं, मग गुरुद्वाराचं, मग विहाराचं. तुमाला वाटतं लई पुण्याचं काम. अवो, मापं घेऊन बघा! देवळात मला आत सोडीनात, पुजाऱ्यानं आपल्या वितीनं माप आणून दिलं, आणि त्याचा हात मोठा, माझी वीत बारकी – देव गुडघ्यापातूर उघडा ऱ्हायला. दर्ग्यात टेप काढला तर मुजावर म्हणाला, अम्मा, मजार कू नापते नै, अंदाजे से लाव. चर्चचे फादर मिलिमीटरचा कागद देतात, वर सही करून. सगळ्यांची मापं मला पाठ हायत. आणि एकदा माप घेतलं की साहेब, मग मानायचं कसं? मी कुणालाच मानत न्हाय. कुणाला सांगू नका, धंदा बसंल.

आणि अटी! देवळाचं म्हणणं मागाला चामडं लागू नये – आता आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हाणणारा तुकडाच चामड्याचा असतो, तो काढून प्लास्टिकचा बसवला, दर दोन दिवसांनी फुटायला लागला. गुरुद्वाराचं विणताना डोकं झाकायचं, देवळाचं विणताना अनवाणी, दर्ग्याच्याला हातपाय धुवून बसायचं. मी म्हटलं कुटं ध्यानात ठेवू, सगळं एकदमच पाळायचं – रोज हातपाय धुवून, अनवाणी, डोक्यावर पदर. फादर तेवढे भले, काय अट न्हाय म्हणाले, फक्त शांततेत विणा. शांततेत! पावरलूम!

तर तुमची ती खोली. तवा तुमी नव्हता, तुमच्या आधीचे साहेब हुते. कमिटी बसवली – देऊळ, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, विहार, पाची जणं, आणि सहावे तुमचे हृदयाचे डॉक्टर, ते काहीच न मानणारे. एका कापडावर सगळ्यांच्या खुणा पाहिजेत. ठीक हाय. पण वर कोण? एकाखाली एक घेतलं तर खालचा रागावणार. मग म्हणाले गोल करा. गोल केला कागदावर, तर बाराच्या जागी कोण? मग म्हणाले कापड दर सोमवारी फिरवायचं, वॉर्डबॉय फिरवंल. मग डॉक्टर उठले – मी काहीच मानत न्हाय, तर माझ्या वाटणीची जागा मोकळी सोडा. सोडली दोन फूट. सोडल्या सोडल्या बाकीचे तुटून पडले, ह्यांना दोन फूट आणि आमाला दीड का म्हणून! तीन महिने, अकरा बैठका, इडली-वडा दवाखान्याचा. शेवटी ठरलं, काहीच नको, सगळंच पांढरं. म्हणजे सगळं कापड डॉक्टरांच्याच वाट्याला गेलं, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय.

आता ऐका. टॉवेलाच्याच पन्ह्याचं, पण पाच टॉवेलांएवढं लांब, पांढऱ्या ताण्यावर पांढरा बाणा. डोळे मिटून विणावं असलं काम, आणि मी तसंच विणलं, तिथंच चुकलं. जेकार्ड ठाऊक हाय न्हवं? त्यो मागाच्या वर बसलेला सांगाडा – त्याच्यावरनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोकं जशी तसे धागे उचलतात, तशी नक्षी उठते. साधं विणायचं तर ती माळ उतरवून ठिवायची. मी उतरवली न्हाय. आधीच्या कामाची तशीच ऱ्हायली. पांढऱ्यावर पांढरं, मागावर नाक लावून बघितलं तरी दिसत न्हाय – उजेड आडवा पडला तरच. आणि तुमच्या खोलीला खिडकी पश्चिमेची. पयल्याच दिवशी, पाच वाजता, होटगीची केराबाई नातवासाठी हात जोडून बसली हुती, ती किंचाळली आणि आडवीच पडली – भिंतीवर दाढीवाला बाबा, डोळे मिटलेले, हात वर केलेला! आणि एक न्हाय, पाच, एकाखाली एक. नातवाचा ताप रातीत उतरला. पुढचं तुमाला ठावंच हाय, आल्या आल्या तुमीच रांगेला दोऱ्या बांधल्या.

आधीचं काम कसलं, म्हणून विचारताय व्हय? कसलं म्हणजे... टॉवेलाचं. टॉवेलावर काय – बाकीचं जाऊ द्या की. चहा घेणार? न्हाय? बरं. आता सांगतेच, कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, माझ्या पोटात मावंना झालंय. ते आमचे मालक हायत. व्हय, गुरुसिद्धप्पा – घेतलं बघा नाव. साठी झाली त्यांची, तर हौस आली, पाव्हण्यांना आपल्या तोंडाचे टॉवेल वाटायचे. फोटोवाल्यानं टपरीवरच काढला, नेमके डोळे मिटले तवा. आणि हात वर केलाय तो आशीर्वाद न्हाय वो, पोराला दोन कटिंग सांगायलेत! साठ टॉवेल वाटले. माझ्या भावानं तर दारात पाय पुसायला टाकलाय.

आणि तितं बघा काय झालं. कमिटी पुन्हा बसली, म्हणाले चेहरे पाच आणि आमी पाच, म्हणजे प्रत्येकाला एक! झालं, वरनं दुसरा आमचा, न्हाय तो आमचा, तुमचा खालचा. अवो, पाचीच्या पाची तोच माणूस, एकच दाढी, एकच झोपाळू तोंड – आणि भांडायलेत! मी कोपऱ्यात बसून पदर तोंडात कोंबला. डॉक्टरांना काहीच आलं न्हाय वाट्याला, पण मी बघितलंय त्यांना, पाच वाजले की ते बी दारातनं डोकावून जातात.

मालकांना कळल्यावर तर घरात ऱ्हायचीच सोय उरली न्हाय. दाढी उतरवून, टोपी घालून रोज दवाखान्यात जायला लागले, स्वतःच्या तोंडाखाली बाकड्यावर बसायला. घरी येऊन सांगायचे, आज सत्तर माणूस पाया पडलं. चहा उशिरा दिला तर म्हणायचे, लोकांना माझी किंमत हाय! मी म्हटलं, मग लोकांकडनं घ्या चहा. असं म्हटलं मी. मंगळवारी म्हटलं. आणि मंगळवारीच त्या बाकड्यावर घाम फुटला त्यांना, छातीत कळ आली, तितल्या तितं पडले. रांगेतल्या बायांनी उचलून खाली नेलं. तुमच्याच दवाखान्यात हायत, तिसऱ्या मजल्यावर. काळजाच्या नसा तीन ठिकाणी बंद हायत म्हणाले. उद्या दहाला छाती उघडणार, तेच डॉक्टर, काही न मानणारे. मी विचारलं, वाचतील न्हवं? तर म्हणाले, मावशी, प्रार्थना करा. त्यांनी म्हणावं असं!

गेले की मी काल त्या खोलीत. करू काय? तीस वर्षं सगळ्यांची मापं घेतली, कधी कुणाकडं काय मागितलं न्हाय, आणि काल मागायला गेले. जोडे काढले, पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, सवयच हाय. देवा कुणीबी अस, म्हटलं – आणि वर बघितलं तर पाच वाजलेले. पाची गुरुसिद्धप्पा माझ्यासमोर, डोळे मिटून. त्यांच्यासाठी त्यांच्याकडंच कसं मागू, सांगा की! चाळीस वर्षांत त्या माणसाकडं एक गोष्ट मागितली आणि मिळाली, असं झालेलं न्हाय. गव्हाचं पीठ आणा म्हटलं तर तीन तासांनी रिकामी पिशवी घेऊन यायचे, वर हसायचे. आणि रडू यायला लागलं मला तितं, मोठ्यानं. बाजूची बाई म्हणाली, बाबा ऐकतात हं, लई ऐकतात. मी काय सांगू तिला?

म्हणून हे रात्रीतनं विणलं. धरा. पुठ्ठे उतरवून विणलंय, दहादा बघितलंय, कसलाही उजेड पडू दे, काय दिसायचं न्हाय. ते काढा आणि हे लावा. लोकांना काय सांगायचं? सांगा धुवायला टाकलंय. उद्या दुपारपातूर, एवढंच. मग परत टांगा पाहिजे तर त्यांना – न्हाय, टांगा म्हणू नये, जीभ जळो माझी. लावा म्हणते. तवर डोळे मिटलेलं त्यांचं तोंड मला बघवणार न्हाय साहेब, न्हाय बघवणार.

घड्याळ काय बघताय, चार वाजून गेले. चला, उठा. तुमी पुढं व्हा, मी पाय धुवून येते. आणि शिडी घ्यायला विसरू नका, लई वर लावलंय त्यांना.