शिळवण घाटातला सोबती

ऐका मंडळी. जरा शेकोटीकडं सरका, आणि सायकली पडवीत घ्या, रात्री दव पडतं.

तुम्ही एवढ्या लांबनं आलात ते मोकळ्या रस्त्यासाठी, व्हय ना? ट्रक न्हाई, भोंगा न्हाई, धूर न्हाई. आमच्या डोंगरात तसले रस्ते रग्गड. मघाशी ह्या ताईंनी विचारलं, आण्णा, जुना शिळवण घाट कसा हाय म्हणून. लई चांगला. त्याच्याइतका निवांत रस्ता तुम्हाला अख्ख्या मुलखात गावायचा न्हाई. पण त्याच्यावर काय घडलं, ते आधी ऐका.

हे घडलं आमच्या दाजींच्या बाबतीत. दाजी म्हणजे माझी धाकटी बहीण हौसा, तिचा नवरा. सर्जेराव नाव. माणूस सरळ, कष्टाळू. पण अबोल! तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे विहिरीतनं घागर काढल्यागत. लग्नाला बरीच वर्षं झाली, पोर न्हाई. मोठी जाऊ हौसाला टोचून बोलायची. एकदा भरल्या ताटावर नको ते बोलली. दाजी शेजारीच जेवत व्हते. मान खाली. भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. एक शब्द न्हाई. हौसा तशीच उठली आणि माहेरी निघून आली. इथं, ह्याच घरात.

मी तवा मुंबईला गोदीत कामाला. सुट्टीला आलो तर ही वाळून काटकी झालेली. म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिकडं काम बघू. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं ठरलं. ही खबर दाजींना कळली बाजारात, तिन्हीसांजेला. कुणीतरी सहज म्हणालं, काय सर्जेराव, बायको मुंबईला चालली म्हणं उद्या.

झालं! बाजाराची पिशवी तिथंच एका दुकानात टाकली आणि सायकलवर टांग मारली. घरी न्हाई, दारी न्हाई. थेट इकडं.

आता इकडं यायच्या वाटा दोन. नवा रस्ता धरणाच्या अंगानं, लांबचा, आणि तवा धरणाचं काम चाललेलं, रात्रंदिवस दगडाचे ट्रक. दुसरी वाट जुन्या शिळवण घाटातनं. जवळची. नवा रस्ता झाला आणि तिच्यावरची वाहतूक बंद पडली. चिटपाखरू न्हाई. नाक्यावरचा चहावाला म्हणालाही, "पाव्हणं, अंधार झालाय, घाटानं नका जाऊ. सोबती भेटतो तिथं."

दाजी म्हणाले, "भेटला तर बरंच हाय." आणि वळले की घाटाला!

दाजींच्या सायकलीला डायनामो व्हता. तुमच्या दिव्यांना बॅटऱ्या असतात, तसलं न्हाई. चाकाला घासून फिरणारी ती बाटली असते बघा. चाक फिरलं की दिवा. चाक थांबलं की अंधार. ध्यानात ठेवा हे.

तर निघाले. घुर्र, घुर्र, डायनामोचा आवाज, बाकी सगळं शांत. दोन्ही बाजूंनी झाडी. वर चांदण्या. दाजी सांगायचे, इतकी शांतता की स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. भीती? छे! उलट बरं वाटत व्हतं. आणि रस्ता कसा? स्वच्छ! बंद पडलेला रस्ता म्हटल्यावर दगडगोटे, फांद्या, पालापाचोळा असायला हवा का नको? एक खडा न्हाई! पाला बाजूला नीट ढीग करून ठेवलेला, आणि मातीत खराट्याच्या रेघा. ताज्या.

दाजींच्या मनात आलं, कोण झाडत असंल बरं? आलं आणि गेलं. घाई व्हती ना.

मग चढ लागला. शिळवणचा चढ म्हणजे, उद्या लांबनं बघाल तुम्ही, भल्याभल्यांना उतरून ढकलत न्यावी लागती सायकल. दाजी पायडलवर उभे राहिले. एक वळण गेलं. दुसरं गेलं. दम लागंना. पाय दुखंनात. सायकल आपली पाण्यावर होडी जावी तशी वर, वर, वर. आणि मग त्यांना कळलं. पाठीवर हात हाय.

व्हय, हात! मागनं कुणीतरी तळवा टेकवून ढकलतंय. बाप लेकराला सायकल शिकवतो ना, तसा. बेतानं. मागं बघायचं न्हाई एवढी अक्कल दाजींना व्हती. देवाचं नाव घेत गेले वर.

वर खिंड. तिथं दगडी कठड्यावर एक म्हातारा बसलेला. खाकी सदरा, डोक्याला मुंडासं, मांडीवर खराटा. पाठीवरचा हात तेवढ्यात गेला. दाजींनी ब्रेक दाबला, एक पाय भुईवर टेकला.

"या पाव्हणं. चढ जड न्हाई ना गेला?"

"न्हाई. तुम्ही कोण, बाबा?"

"मी मैलकुली. एवढा तुकडा माझ्याकडं असतो. झाडायचा, खड्डं बुजवायचं."

"पण रस्ता तर बंद झाला."

"झाला असंल. मला कुणी सांगाय आलं न्हाई."

कसला गोड आवाज म्हणता! घरातल्या माणसागत. म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं निघालाय. आणि ऐका, आमचे अबोल दाजी बोलायला लागले! जावेचं बोलणं, ते ताट, हौसाचं उठून जाणं, सगळं सांगितलं. म्हातारा मान हलवत ऐकत व्हता.

"मग आता बायकोला काय सांगणार?"

"तेच तर सुचत न्हाई."

"मग घाई कशाला? बसा जरा. शब्द जुळवा. हल्ली कुणी येत न्हाई हो इकडं. लई दिवसांनी माणसाचं तोंड बघितलं."

दाजींना वाटलं, खरंच, काय घाई हाय? वारा गार लागत व्हता. डोळे जड झाले. म्हाताऱ्याचा चेहरा किती मायाळू दिसतोय. सुरकुत्या, पिकल्या मिशा, सगळं कसं स्वच्छ उजेडात...

उजेडात?

म्हाताऱ्याजवळ कंदील न्हाई. चांदणं तेवढं न्हाई. उजेड पडतोय कुठनं? दाजींनी खाली बघितलं. सायकलीचा दिवा! लख्ख पेटलेला!

अहो, डायनामोचा दिवा! आपण तर थांबलोय, मग दिवा पेटतोय कसा?

दिवा पेटलाय म्हणजे चाक फिरतंय. चाक फिरतंय म्हणजे आपण थांबलेलोच न्हाई! बघतात तर चाकाच्या तारा दिसंनात, इतकं ते गरगर फिरतंय. गार वारा लागतोय तो उताराचा! ज्या भुईवर पाय टेकलाय म्हणून वाटतंय, ती भुई मागं पळतीय. आणि म्हातारा? तो कठड्यावर तसाच, खराटा मांडीवर, बरोबर शेजारी. कठडाही संगं पळतोय!

"बसा की, पाव्हणं," म्हातारा म्हणाला.

दाजींनी अंग झोकून दिलं. सायकल सोडली आणि रस्त्यावर लोळण घेतली. सायकल पुढं गेली. दिवा पुढं गेला. मग दिवा वर उडाल्यागत झाला, कलंडला, आणि खाली जायला लागला. खाली, खाली. विझला. किती वेळानं आवाज आला. खण्ण!

दरड कोसळून तिथला रस्ताच गेला व्हता. दाजींनी अंधारात हात पुढं केला तर बोटांखाली नुसती हवा. हातभर! हातभर पुढं असते तर संपलंच व्हतं.

काळोखात जवळच आवाज आला. तोच, तसाच मायाळू. "गेली का सायकल? आता पायी कुठं जाता? ऱ्हावा हितंच."

दाजी आयुष्यात कुणाला न्हाई म्हणाले नव्हते. भावाला न्हाई, भावजयीला न्हाई. तिथं पालथे पडल्यापडल्या ओरडले, "न्हाई! मी ऱ्हाणार न्हाई! माझी बायको चाललीय!"

सगळं गप झालं. रातकिडेसुद्धा.

मग डोंगराच्या अंगानं चाचपडत, झाडांची मुळं धरत, दाजींनी ती दरड पार केली. पलीकडं रस्ता लागला आणि पाठीमागनं आवाज सुरू झाला. स्सर्र. स्सर्र. खराटा. धावत न्हाई, जवळ येत न्हाई. नुसता मागनं झाडत येतोय. दाजींनी मान वळवली न्हाई. आमच्या गावची शीव आली, म्हसोबाचा दगड आला, तिथं तो आवाज थांबला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही एसटीत बसलो व्हतो. ट्रंक टपावर चढलेली. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडीपुढं दाजी उभे! गुडघे फुटलेले, सदरा फाटलेला, अंगभर लाल माती. ड्रायव्हर शिव्या घालतोय. दाजी खिडकीशी आले. मला वाटलं आता हा माणूस उभा ऱ्हाईल मुका.

"हौसा, वहिनी बोलली तवा मी जेवत बसलो. तसं करायला नको व्हतं. चल घरी."

"त्या घरी मी येणार न्हाई," हौसा म्हणाली.

"नको येऊ. वेगळं ऱ्हाऊ. झोपडीत ऱ्हाऊ."

हौसानं खिडकीतनं हात काढून त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकली. मग मला म्हणाली, "दादा, माझी ट्रंक उतरवायला सांग." कंडक्टर माझ्यावर चिडला, पण चढला बिचारा टपावर. पुढं दोघांनी ओढ्यापलीकडं घर बांधलं. पोर न्हाई झालं. पण दाजी बोलायला शिकले. हौसा म्हणायची, आता गप बसवावं लागतं.

काय म्हणता ताई? म्हातारा वाईट व्हता का? मीही दाजींना तेच विचारलं व्हतं. ते म्हणाले, "वाईट असता तर शिवी देऊन निघालो असतो रं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. तसं कुणी ऐकून घेतलं की उठवत न्हाई माणसाला."

म्हणून सांगतो, उद्या नदीकाठच्या रस्त्यानं फिरा, देवराईपर्यंत जा, भाकरी मी बांधून देतो. पण दिवे लागल्यावर शिळवणच्या वाटेला चाक लावू नका. कितीही घाई असू द्या. आणि रस्ता झाडलेला दिसला तर आल्या पावली मागं फिरा.