दत्ताच्या विहिरीचं पाणी

व्हय मॅडम, बाटल्या मीच भरायचो — ह्या वडगाव रासाईत संपतबिगर कोण भरनार? बसा त्या खाटंवर. सरांनी न्हाई पाठवलं तुमाला, कॉम्पुटरचं गणित जुळंना म्हणून तुमच्या तुमी आलाय. जुळंलच कसं? सरांनी संशोधनापायी आमच्या माळाला बोअर पाडली, धुरातला गॅस मिसळलेलं पाणी — सोड्यावानी — खाली काळ्या दगडात सोडलं. म्हणले, दगडाला बारीक भोकं असत्यात, पाणी त्यातनं सरकतं, दगड गॅस खातो आन् त्याचा बी दगडच हुतो. कुठवर सरकलं ते कॉम्पुटर सांगनार, आन् त्या कॉम्पुटरला पाजनार मी — दर सोमवारी चार विहिरी आन् येक माझा हापसा, पाच बाटल्या.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझा धाकला भाऊ, दत्ता, त्याच्या विहिरीत — त्या चारातलीच येक — मोटरीचा पाइप सोडवाय उतरला. वरडला बी न्हाई — मी वरनं बघतोय, बसल्यावानी खाली गेला. तळाला गॅस साचलेला, जड असतो तो. सर आले, कागद दाखवला — गॅस हितवर पोचतच न्हाई म्हणले, कॉम्पुटर सांगतो. आन् चारचौघांत म्हणले, पिऊन उतरला असंल. सुपारीचं खांड न खानारा मानूस, मॅडम.

तवाच ठरवलं. नोकरी न्हाई सोडली — सोडून त्यांचं काय वाकडं झालं असतं? चार वर्सं त्यास्नी भीमेचं पाणी पाजलं. पाच बाटल्या, पाच चिठ्ठ्या, पाणी नदीचं — येगयेगळं वाटावं म्हणून येकात चिमूटभर चुना, येकात लिंबू. ते गणित घिऊन सर दिल्लीला गेले, तिथं लोक तोंडावर हसले म्हणं, ड्रायव्हरनं सांगितलं. त्या दिशी मी पोटभर जेवलो. दत्ता गेल्यापासनं पहिल्यांदा.

काय? दत्ता जायच्या आधीचे आकडे? ते खरे हायत — आधी मी कशाला खोटं करू? दाखवा. हं. माझ्या हापशाचं आन् दत्ताच्या विहिरीचं पाणी... सारखंच म्हंताय. तंतोतंत. आता त्येची विहीर पडती वढ्याच्या पल्याड, उन्हाचं कोण जानार, पाणी शेवटी पाणीच की — म्हणून हापशावरच भरायचो ती बाटली. दोन-चार येळा. न्हाई — वरीसभर. कुनाला ठावं, तिथं गॅस येतोय म्हणून? कॉम्पुटरला मी पाजलं, तेच तो बोलला. तेच सरांनी...

हळू बोला, आत आमची आई हाय. तिला काय बी म्हाईत न्हाई. मिटा ती वही. मिटा म्हंतो ना. जावा आता.